सभासदहो, सभेला चला!

ऑगस्ट उलटला की नोटिसा यायला लागतात. विकास सोसायटीची, पतसंस्थेची, दूध संस्थेची, साखर कारखान्याची. शहरात राहत असाल तर गृहनिर्माण संस्थेची. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे, असे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ७५ सांगते. या वर्षी नोटीस हातात पडली की विषयपत्रिकेखाली छापलेली टीप जरूर वाचा. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेतली जाईल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही, अशा अर्थाचे वाक्य तिथे बहुतेक वेळा असते. तुम्ही येणार नाही, हे नोटीस काढणाऱ्याने आधीच धरून ठेवले आहे. आणि वर्षानुवर्षे आपण त्याचा अंदाज खरा ठरवत आलो आहोत.

अर्ध्या तासाने काय होते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या रांगांत संचालकांची माणसे बसलेली असतात. सचिव विषय वाचतो आणि त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ सुरू होते. ताळेबंद मंजूर, नफावाटणी मंजूर, पोटनियम दुरुस्ती मंजूर, बाहेरून कर्ज उभारण्याची मर्यादा मंजूर. आयत्या वेळच्या विषयात अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव, आणि मग चहा. ज्या ठेवीत लेकीच्या शिक्षणाचे पैसे आहेत, ज्या कारखान्याच्या दरावर वर्षभराचा संसार उभा आहे, त्याचा फैसला मालकाच्या गैरहजेरीत होऊन जातो. हे बघवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

कारण या संस्था आपल्याला कुणी दान दिलेल्या नाहीत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोख्यांची होळी केली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरले. कर्जात बुडालेल्या रयतेकडे बघणे त्यानंतर सरकारला भाग पडले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि १९०४ मध्ये देशातला पहिला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. पण नुसत्या कायद्याने सावकार हटला नाही. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत आढळले, की शेतकऱ्याने काढलेल्या शंभर रुपये कर्जातले जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांचे होते. त्याआधीच लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील नगर जिल्ह्यात गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करत होते. पाठीशी धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ आणि वैकुंठभाई मेहतांसारखा सहकाराचा जाणकार होता. १९५०-५१ च्या हंगामात त्यांचा प्रवरेचा सहकारी साखर कारखाना गाळपाला उभा राहिला. ऊस पिकवणारा माणूस कारखान्याचा मालक झाला. आज राज्यात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत. त्यांच्या किती सभासदांना आपण मालक आहोत हे आठवते?

कायद्याला मात्र ते पक्के आठवते. कलम २७ वाचा. तुमच्याकडे एक भाग असो की हजार, मत एकच. आणि ते स्वतः हजर राहून द्यायचे, दुसऱ्याच्या हाती पाठवायचे नाही. कंपनीत ज्याचे भाग जास्त त्याचा शब्द चालतो. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ साली अठ्ठावीस कामगारांनी आपले छोटे दुकान काढले, तेव्हा त्यांनी माणसागणिक एक मत हा नियम धरला. पैशाचे मोल ठेवायचे पण राज्य माणसाचे ठेवायचे, हा सगळ्या सहकाराचा पाया. म्हणूनच आपल्या कायद्यात निबंधकांच्या परवानगीशिवाय पंधरा टक्क्यांवर लाभांश देता येत नाही आणि निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. संस्था आजच्या सभासदाची आहे तशीच ती उद्याच्या सभासदाचीही आहे.

आंतरराष्ट्रीय सहकार संघटनेने १९९५ मध्ये मँचेस्टरला सात तत्त्वे नव्याने मांडली. खुले आणि ऐच्छिक सभासदत्व, सभासदांचे लोकशाही नियंत्रण, त्यांचा आर्थिक सहभाग, स्वायत्तता, शिक्षण, संस्था-संस्थांतले सहकार्य आणि समाजाची काळजी. सहकार सप्ताहात ही तत्त्वे फलकांवर झळकतात. माझ्या मते त्यांतले दुसरे तत्त्व मेले की बाकीची सहा फलकापुरतीच उरतात. २०१२ साली अमलात आलेल्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क थेट मूलभूत हक्कांत आणला. या दुरुस्तीतला राज्यांच्या संस्थांना लागू होणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्द केला, कारण सहकार हा राज्यांचा विषय आणि निम्म्या राज्यांची संमती घेतलेली नव्हती. मूलभूत हक्क मात्र शाबूत आहे. तुमची संस्था बहुराज्यीय असेल तर तिला २००२ चा केंद्राचा कायदा लागू होतो. कलमांचे आकडे तिथे वेगळे आहेत, मालक तोच आहे.

तेव्हा अहवाल रद्दीत टाकू नका. मुखपृष्ठावरचे फोटो आणि अध्यक्षांचे मनोगत बाजूला ठेवून मागची पाने उघडा. लेखापरीक्षणाचा वर्ग ‘अ’ असा ठळक छापलेला असेल, तेवढ्यावर समाधान मानू नका. लेखापरीक्षकाने काढलेले दोष काय होते आणि त्यांचा दुरुस्ती अहवाल कुठे आहे, ते विचारा. ताळेबंदात ‘येणे’ बाजूला तीच रक्कम तीन-तीन वर्षे जशीच्या तशी पडून असेल तर ती कुणाकडून येणे आहे, ते विचारा. थकबाकीसाठी तरतूद किती केली? खर्चात ‘किरकोळ’ आणि ‘इतर’ या दोन ओळी मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा.

आणि एक पान खास शोधा. संचालकांना, त्यांच्या कुटुंबातल्या माणसांना आणि त्यांच्या फर्म-कंपन्यांना संस्थेने किती कर्ज दिले, वर्षात किती फेडले गेले, किती बाकी आणि किती थकीत आहे, याचे विवरण सभेपुढे ठेवणे कलम ७५ प्रमाणे बंधनकारक आहे. बुडालेल्या पतसंस्थांमध्ये ठेवीदार रांगेत उभे राहून रडतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे एक पान वेळेवर वाचले गेले असते तर त्यांतली कितीतरी घरे वाचली असती. ज्यांची ठेव पतसंस्थेत आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, ते पतसंस्थेला नाही. तिथे तुमची जागरूकता हाच तुमचा विमा.

अहवाल मिळाला नाही, म्हणता? कलम ३२ हातात घ्या. कायदा, नियम, पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचे आणि संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त, शिवाय तुमच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी, हे सगळे कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. नक्कल हवी तर फी भरा आणि पावती घ्या. अर्ज लेखी करा, आवक क्रमांक टाकून घ्या. ‘साहेब आल्यावर बघू’ या उत्तरावर परत फिरू नका.

मला माहीत आहे, अडचण अज्ञानाची कमी आणि भीतीची जास्त आहे. ‘कशाला वाईटपणा घ्यायचा?’ ऊसतोडीची पाळी त्यांच्या हातात, पीककर्जाचे नवे-जुने त्यांच्या हातात, पोराची नोकरी त्यांच्या हातात. सभेत उभा राहिलेला माणूस गावाला दिसतो आणि त्याचा ऊस मग तोडीवाचून वाळत राहतो. ही भीती खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण ती एकट्या माणसाला खाते. म्हणून एकटे जाऊ नका. सभेआधी आठ दिवस पारावर, दूध संकलनाच्या ओट्यावर, सोसायटीच्या गच्चीवर दहा-पंधरा जण एकत्र बसा, अहवालाची पाने वाटून घ्या, प्रश्न लिहून काढा आणि ते आधीच कार्यालयात द्या. प्रत्येकाने एकच प्रश्न विचारायचा. आवाज चढवू नका, खुर्च्या उचलू नका. गोंधळ झाला की सभा गुंडाळायला निमित्त मिळते. उत्तर पटले नाही तर विरोध नावानिशी इतिवृत्तात नोंदवायला लावा. त्यानेही भागले नाही तर एक-पंचमांश सभासदांच्या, किंवा पोटनियमात त्याहून कमी संख्या असेल तर तितक्यांच्या, लेखी मागणीवर महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. कलम ८३ खाली चौकशी होते, आणि कलम ८८ खाली झालेले नुकसान जबाबदार माणसाच्या खिशातून भरून घेता येते.

सरकारी हस्तक्षेपाची तक्रार आपण सगळेच करतो आणि ती रास्त आहे. प्रशासक येतो, वर्षे जातात, संस्था कुणाचीच राहत नाही. पण सभासदांनी मोकळी ठेवलेली खुर्ची रिकामी राहत नसते. आपण उठलो की तिथे पुढारी बसतो, पुढाऱ्याला उठवायला अधिकारी येतो. स्वायत्तता सरकारकडे मागण्याआधी ती भरलेल्या सभागृहाने मिळवावी लागते.

भगिनींनो, तुमच्यासाठी संचालक मंडळात दोन जागा राखीव आहेत. ज्या संस्थेत संचालिकेची सही घरी जाऊन घेतली जाते, तिथे तुम्ही सगळ्या मिळून सभेला जा आणि त्या बहिणीला बोलू द्या, अशी मागणी करा. बचत गटाची पै न् पै लिहून ठेवणाऱ्या बायकांना ताळेबंद अवघड नाही.

तरुणांनो, तुमच्या घरातल्या लोखंडी पेटीत आजोबांचा किंवा वडिलांचा भाग दाखला असेल. ते जाऊन कितीतरी वर्षे झाली असतील आणि संस्थेच्या नोंदवहीत अजून त्यांचेच नाव असेल. गावोगावच्या सभासद यादीत अशी कितीतरी गेलेल्या माणसांची नावे आहेत, आणि जिवंत वारसांना मत नाही. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि मूळ भाग दाखला घेऊन या आठवड्यात संस्थेत जा. भाग आपल्या नावावर करून सभासदत्वासाठी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारले तर निबंधकांकडे अपील करा. नाव लागले की पोटनियमांची प्रत विकत घ्या आणि ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या सभेची तारीख विचारूनच कार्यालयाची पायरी उतरा.