कळमेश्वरच्या अंगणांत मोरपंखी

थंड हवेच्या ठिकाणीं जाऊन आलेल्या मंडळींस देवदाराची भुरळ पडते, व तसलें एखादें बुटकें झाड आपल्याहि दारीं असावें असें वाटूं लागतें. पण सिमल्याची हवा कांहीं कुंडींतून आणतां येत नाहीं. बुटक्या सूचिपर्णी झाडांतील सुप्रसिद्ध 'कोनिका' रेहडर व जॅक या वनस्पतिशास्त्रज्ञांस १९०४ सालीं कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतांत सांपडलें. ज्या नागपुरांत २०१३ च्या मे महिन्यांत पारा ४७.९ अंशांवर चढला, त्याच्या शेजारीं त्या हिमप्रदेशांतील जीवानें वैशाख कसा काढावा?

कळमेश्वरास आम्ही मोरपंखीच सुचवूं. मूळची ती चीनकडची. पण ऊन सोसते, आणि मुलांनीं तर विद्येचें पान म्हणून तिला केव्हांच पुस्तकांत जागा दिली आहे. (सुरू दिसावयास तसाच असला तरी तो या कुळांतला नव्हे.) तिच्या एका ठेंगण्या प्रकारास 'ऑरिया नाना' म्हणतात. लॅटिन भाषेंत नाना म्हणजे बुटकी. घरोघरच्या नानांनीं राग मानूं नये.

बुटकें म्हणजे न वाढणारें, असा मात्र समज नसावा. सावकाश कां होईना, हें झाड चार-पांच फूट होतें. आज वीतभर रोप पाहून तें वृंदावनाला खेटून लावलें, तर पुढें तुळशीचें ऊन जातें, कुरडयांच्या वाळवणावर सांवली येते, आणि सासू-सुनांच्या बोलण्यांत त्या झाडाचें नांव वरचेवर निघूं लागतें! जागा ठरवितांना घरांतील वडील स्त्रियांस अवश्य विचारावें.

खरा वैरी ऊन नव्हे, श्रावणांतील पाणी. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते व मुळें कुजतात. यास्तव मुरूम, वाळू व कुजलेलें शेणखत मिसळून हातभर उंच वरंबा करावा व त्यावर रोप लावावें. उन्हाळ्यांत घरच्याच पाण्याची ओढ असते. तेव्हां डाळ-तांदूळ धुतलेलें पाणी सायंकाळीं बुंध्याशीं घालावें व वर पालापाचोळा पसरावा. कोरड्या हवेंत बारीक कोळी जाळीं धरतात. अशा वेळीं पानें पाण्यानें धुवावीं.

थंडींत पानांवर तांबूस छटा येते, आंतील जुनीं पानें वाळतात. तो रोग नव्हे. कातर मात्र हिरव्या शेंड्यापुरतीच चालवावी. पानें नसलेल्या जुन्या लांकडावर पुन्हां पालवी सहसा येत नाहीं, व पडलेलें भोंक कायमचें राहतें. माळ्याच्या हातीं कातर देण्यापूर्वीं हें त्याला सांगून ठेवावें.