वीजतंत्री घडतो कसा?

आयटीआयमधला वीजतंत्री अभ्यासक्रम आजही दोन वर्षांचाच आहे. २०१३मध्ये आलेली सत्र पद्धत २०१८मध्ये गेली आणि वार्षिक परीक्षा परतली, ते असो. खरा बदल बाहेर झालाय. छतांवर सोलर पॅनेल चढले आणि कामावरच शिकलेल्यांना पूर्वानुभवाच्या जोरावर प्रमाणपत्रं मिळू लागली. वायरमनच्या हाताखाली वर्षानुवर्षं पाइपातून वायर खेचणाऱ्या पोरांसाठी हे चांगलंच. पण अर्थिंगची हिरवी वायर 'नंतर बघू' म्हणत मोकळी सोडली, तर गिझरला हात लावणाऱ्याचं काय होईल, हे त्यांना कुणी शिकवलं का? आम्हाला हा प्रश्न कागदापेक्षा मोठा वाटतो. म्हणून या अंकात निदेशक, शिकाऊ उमेदवार आणि जुने वायरमन यांनाच बोलतं केलंय. तुम्ही हे काम कुठे शिकलात, परवान्यासाठी काय खटाटोप केलात, आम्हाला जरूर लिहा.