सिंकमधला टॉवेल

रविवारी बदलापूरला लग्न होतं. मावसभावाची मुलगी, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. अक्षता पडल्या, पंगती बसायला अजून अवकाश होता, तेवढ्यात हॉलच्या दोन कोपऱ्यांतले माणसाएवढे उंच स्पीकर सुरू झाले. खुर्चीचा पत्रा थरथरायला लागला. मी पर्समधून फोमचे प्लग काढले, बोटांत वळले आणि कानांत घातले. पलीकडच्या खुर्चीवरच्या मामांनी ते पाहिलं. उठून जवळ आले आणि ओरडून म्हणाले, ‘‘अगं, लग्नघर आहे हे! एवढा त्रास होतो तर आशीर्वाद घरूनच द्यायचे होतेस.’’

मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नाही आणि त्या गदारोळात बोललेलं ऐकूही गेलं नसतं. पण ते हे सदर न चुकता वाचतात, म्हणून इथे सांगते. मामा, मी लग्नाला आले, कारण मला यायचं होतं. प्लग घातले, कारण मला थांबायचं होतं. ते नसते तर पाचव्या मिनिटाला मी रस्त्यावर असते.

आता थोडी माहिती. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो आणि त्यात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. मेंदूकडे येणारा संदेश कमी पडला की मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवतो आणि मग बाहेर काही नसतानाही ऐकू यायला लागतं, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. याला टिनिटस म्हणतात. आपल्याकडचा शब्द कर्णनाद. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, १०० डेसिबलचा मात्र फक्त २० मिनिटं. रविवारी माझ्या मोबाइलने ९८ दाखवले. मोबाइलचं माप अंदाजाचं असतं हे मान्य, पण त्या स्पीकरसमोर एक बाई तीन महिन्यांचं बाळ घेऊन उभी होती आणि बाळाचे कान उघडे होते.

माझं दुखणं लग्नांमुळे आलं नाही. ते आलं हेडफोनमुळे. डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन-येऊन रोजचे दोन-सव्वादोन तास, अशी नऊ वर्षं. मी काही कर्कश ऐकत नव्हते. घेतलेल्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज ऐकायची आणि वहीत उतरवायची. पण लोकलचा खडखडाट, दारातला वारा, शेजारच्या बायकांची बोलणी या सगळ्यांच्या वर त्या माणसाचा आवाज काढायचा तर आवाजाची पट्टी शेवटापर्यंत न्यावी लागे. घाटकोपर यायच्या आत ती शेवटाला गेलेली असे. घरी आल्यावर तासभर कानाला दडे बसलेले असत. सकाळपर्यंत ते मोकळे व्हायचे आणि मला वाटायचं, झालं बरं. मग २०२० आलं, घरून काम सुरू झालं आणि हेडफोन सकाळी नऊला चढून रात्री आठला उतरू लागले.

त्यानंतरच्या वर्षी, नोव्हेंबरात, रात्री दोन वाजता मला रातकिडा ऐकू आला. तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या बंद असताना. मी उठून फ्रिजचं बटण बंद केलं. मग इन्व्हर्टर. मग मोबाइलचा चार्जर काढला. गॅलरीत जाऊन उभी राहिले, तिथेही तो होता. दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबले आणि तो मोठा झाला. तेव्हा मला कळलं की तो खोलीत नाही. पहाटेपर्यंत मी पलंगाच्या कडेवर बसून होते. माझ्या आयुष्यातली शांतता संपली आहे आणि ती कधी संपली ते माझ्या लक्षातही आलं नाही, एवढंच डोक्यात येत होतं.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटं कानात बॅटरी मारून सांगितलं, ‘‘पडदा चांगला आहे. वयानुसार होतं. दुर्लक्ष करा.’’ मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. दुसरीकडे एका ऑडिओलॉजिस्ट मुलीने मला बंद खोलीत बसवलं, हातात बटण दिलं आणि बारीकातला बारीक सूर ऐकू आला की दाबायला सांगितलं. बाहेर आल्यावर तिने आलेख दाखवला. सरळ चाललेली रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरत होती. ‘‘हा खड्डा आवाजाचा आहे, वयाचा नाही,’’ ती म्हणाली. रातकिड्याचा सूर तिने मशीनवर जुळवून काढला, ६०००च्या आसपास. मला ऐकू येतं ते दुसऱ्या माणसाने पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी तिच्यासमोर रडले. तिने पाणी दिलं आणि घाई केली नाही.

याला गोळी नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं. सवय होते, मेंदू त्याला मागे ढकलायला शिकतो. ते खरं आहे. दिवसातले कित्येक तास मला आता तो आठवत नाही. अवघड गेलं ते दुसरंच. कानात आवाज सुरू झाला आणि बाहेरचे आवाज सोसवेनासे झाले. कुकरची शिट्टी, मिक्सर, कढईवर आपटलेला झारा. स्टीलच्या ताटावर स्टीलचं ताट पडलं की कानातून मानेपर्यंत कळ जायची. मी दिवसभर प्लग घालून वावरायला लागले, तर त्या मुलीने रागावून ते काढायला लावले. साध्या आवाजांपासून कान लपवले तर ते आणखी हळवे होतात. प्लग फक्त खरोखर मोठ्या आवाजापुरते. म्हणून मामा, ते पर्समध्ये असतात आणि लग्नात निघतात.

जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला ऐकू येईनासं झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा मला पाच-सहा मैत्रिणींचे फोन आले. त्यांचं कारण विषाणूसंसर्ग होता, हेडफोन नव्हे. पण मोठ्या आवाजातलं संगीत आणि हेडफोन यांपासून जपा, असं त्यांनी त्याच वेळी तरुणांना सांगितलं होतं. माझ्या भाच्याने ते वाचून आठवडाभर हेडफोन ठेवून दिले. आठवडाभरच.

पण मला आज खरं सांगायचंय ते मावशींबद्दल. आमच्याकडे भांड्यांना येतात त्या. मी त्यांना माझ्या कानांविषयी काही बोलले नव्हते. ताटं पडली की मी खोलीचं दार लावून घ्यायचे, एवढंच. तीनेक आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की ताटं पडत नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर सिंकच्या तळाशी जुना टॉवेल चौपदरी करून अंथरलेला आणि मावशी एकेक वाटी त्यावर उतरवून ठेवताहेत. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, ‘‘आमच्या ह्यांचं पण असंच आहे, ताई.’’

त्यांचे यजमान भिवंडीत पॉवरलूमवर होते. सव्वीस वर्षं, बारा बारा तासांची पाळी. मागावर धोटा इकडून तिकडे मारला जातो, तेव्हा शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सगळे ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलतात. तिथे आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. ते कामावर होते तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमात आवाजाने येणारा बहिरेपणा कळवण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होता. म्हणजे तो आढळला की सरकारला कळवायचा असे. मावशींच्या यजमानांचे कान सव्वीस वर्षांत कुणी एकदाही तपासले नाहीत, कळवणार कोण? सहा वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला, ते घरी बसले आणि म्हणायला लागले, ‘‘माग बंद झाला तरी डोक्यात चालूच आहे.’’ घरच्यांना वाटलं, काम गेल्याचा धसका घेतलाय. मावशींनी गावी नेऊन अंगाराही लावला.

ते लग्नाकार्याला जात नाहीत. नातलग म्हणतात घुम्या आहे, माणूसघाणा आहे. सख्ख्या पुतण्याच्या हळदीला बेंजो सुरू झाल्यावर उठून निघून आले, तेव्हापासून भाऊ बोलत नाही. माझ्या हातात आलेख आहे, मी मामांना तो दाखवू शकते. त्यांच्याकडे दाखवायला काही नाही.

आणि तो रेडिओ. जुना, सेलवरचा. रात्री ते उशाशी घेऊन झोपतात आणि दोन स्टेशनांच्या मध्ये कुठेतरी काटा ठेवतात, नुसती खरखर चालू. ‘‘बहिरं झाल्यावर माणसाला स्टेशनसुद्धा लावता येत नाही,’’ मावशी एकदा म्हणाल्या होत्या. मला त्या ऑडिओलॉजिस्ट मुलीने मोबाइलवर पावसाचा आवाज बारीक लावून झोपायला शिकवलं होतं, म्हणजे रातकिडा त्यात बुडतो. त्या माणसाला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते स्वतः शोधून काढलं.

सोमवारी, लग्नाहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी मावशींना ओट्यापाशी बसवून हे सगळं सांगितलं. रेडिओ बिघडलेला नाही, काटाही चुकलेला नाही. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग विचारलं, ‘‘ती बटणवाली तपासणी ह्यांची होईल का?’’ पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे, मी बरोबर जाणार आहे. स्टेशनपर्यंत रिक्षा नको, चालतच येऊ, हॉर्न फार असतात, असं त्यांनीच सुचवलं.

इतकी वर्षं ते झोपले की मावशी उठून तो रेडिओ बंद करायच्या. सेल फुकट जातात म्हणून. काल त्या येताना नाक्यावरून चार नवे सेल घेऊन आल्या होत्या. भांडी होईपर्यंत त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधून ठेवले होते.