चौरस फूट आणि चार तास

दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत वर्तमानपत्रे जाडजूड होतात आणि त्यांची पहिली पाने घरांच्या जाहिरातींनी भरून जातात. हिरवळ, कारंजे, पोहण्याचा तलाव, आणि तलावाच्या काठी हसत उभे असलेले चौकोनी कुटुंब. तळाशी बारीक अक्षरांत स्टेशनचे अंतर दिलेले असते. तेही मिनिटांत, किलोमीटरांत कधीच नाही. ही मिनिटे कोणी, कोणत्या प्रहरी आणि कशात बसून मोजली, हे विचारण्याची सोय नसते. रविवारी पहाटे साडेपाचला मोटारीने मोजली असतील, तर ती खरीही असतील.

गिरगाव, परळ, लालबाग सोडून उपनगरात जाणारे एखादे तरी कुटुंब दर दिवाळीला माझ्या ओळखीत निघते. चाळ पाडायला काढली, भावांत वाटण्या झाल्या, मुलगा लग्नाचा झाला. कारण काही असो. आणि या सर्वांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो: “किती चौरस फूट?” माझे भांडण या पहिल्या प्रश्नाशी आहे. घराला दोन किमती असतात. एक रुपयांत, ती बँक वीस वर्षांत हप्त्याहप्त्याने वसूल करते. दुसरी तासांत, तिचा कागद कोणी लिहून देत नाही, पण ती रोज आणि रोखीने भरावी लागते.

हिशेब करूनच पाहू. बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून 68 किलोमीटर. जलद लोकल मिळाली तरी गाडीत दीड तासाच्या आसपास जातो. घरापासून स्टेशनापर्यंतची रिक्षाची रांग आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतची पायपीट धरली, की जाण्याचे दोन तास आणि येण्याचे दोन. वर्षाला कामाचे दिवस तीनशे धरा. बाराशे तास झाले. चोवीसाने भागा, उत्तर पन्नास येते. पन्नास अहोरात्र! अख्खा श्रावण आणि त्यापुढे भाद्रपदाचे वीस दिवस. म्हणजे गणपती येऊन, जाऊन, पितृपक्षही लागलेला. एवढा काळ माणूस दरवर्षी गाडीत, फलाटावर आणि रांगेत काढतो, आणि जास्तीच्या खोलीत झोपायला उरलेले सहा तास घरी येतो.

बरे, हे तास बसून काढायचे असतात असेही नाही. 9 जून 2025 रोजी सकाळी मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलच्या दारांतून माणसे रुळांवर पडली आणि त्यांतली किमान चार दगावली. त्यांत कामावर निघालेली माणसे होती. आपण दोन दिवस हळहळलो आणि तिसऱ्या दिवशी त्याच दारात उभे राहिलो.

बायकांच्या डब्यात मटार सोलणाऱ्या आणि भाजी निवडणाऱ्या भगिनींचे आपल्या लेखकांना केवढे कौतुक! त्यावर किती ललित लेख झाले याची गणती नाही. मला त्या मटारांत काव्य दिसत नाही. पहाटे साडेचारला उठून चार डबे भरलेली बाई संध्याकाळी गाडीत मटार सोलते, ती हौसेने नव्हे. घरी पोचल्यावर तेवढाही वेळ उरणार नाही, हे तिला ठाऊक असते म्हणून. घर पसंत करताना नकाशावर ओट्याची लांबी तिला दाखवलेली असते. त्या ओट्याशी ती कोणत्या घटकेला येऊन उभी राहणार, हे कोणी दाखवत नाही.

“आता मेट्रो येणार ना!” असे दलाल म्हणतो, आणि आमचे सुशिक्षित गृहस्थ मान डोलवतात. भविष्यकाळावर सोयरीकसुद्धा जमवू नये, मग घर कसे घ्यावे? नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको स्थापन झाली 1970 साली. मुंबईची लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचली 1992 साली. बावीस वर्षे! पहिल्या वर्षी तेथे घर घेऊन राहिलेल्याच्या पाळण्यातल्या मुलीने ती गाडी पाहिली, तेव्हा तिचे लग्नाचे वय झाले होते. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोची कोनशिला बसली जून 2006 मध्ये आणि गाडी धावली जून 2014 मध्ये. कोनशिलेच्या वर्षी पहिलीत गेलेले पोर गाडी सुरू झाली तेव्हा नववीत बसले होते. येणारे येते, मी नाही म्हणत नाही. पण मुले वाढायची थांबत नाहीत.

मुलांचे नाव निघालेच आहे. हल्ली शाळा पाहतात ती तिच्या बोर्डावरून आणि इमारतीच्या काचांवरून. घरापासून ती किती लांब आहे, हा प्रश्न बसवाल्याकडे सोपवून मोकळे होतात. घोडबंदर रस्त्यावर सकाळी उभे राहून पाहा: अवजड मालमोटारी आणि शाळेच्या बसगाड्या एकाच रांगेत खोळंबलेल्या असतात, आणि खिडकीला डोके टेकून सात-आठ वर्षांची पोरे झोपलेली असतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याखाली केंद्राने 2010 साली नियम केले. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून चालत एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्यांत लिहिले आहे. गरिबाच्या मुलासाठी सरकारला जे अंतर जाचक वाटले, त्याच्या चौपट अंतर आपण आपल्या मुलावर पैसे मोजून लादतो आणि त्याला चांगले शिक्षण म्हणतो. माध्यम कोणते असावे, तो वाद निराळा. त्यावर भांडायला पुढचा दिवाळी अंक आहे. मी येथे फक्त पायांविषयी बोलतो आहे. जे मूल चालत शाळेत जाते, त्याला वाटेतला वाणी ओळखतो, चांभार ओळखतो, कोपऱ्यावरचे कुत्रेही ओळखते. बसने जाणाऱ्याला फक्त बसवाला ओळखतो.

यावर मला विलेपार्ल्याचा दाखला देतात. म्हणतात, पार्ल्यालाही एके काळी काय होते? लोक गेले आणि त्यांनी वस्ती घडवली. तसे आजही घडेल. दाखला उत्तम आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. पार्ले टिळक विद्यालय 1921 साली निघाले, लोकमान्य सेवा संघ 1923 साली. पार्लेकरांनी आधी शाळा काढली, मग बैठकीची जागा केली. पोहण्याच्या तलावाचे त्यांना सुचले नाही. हे करायला त्यांना वेळ कोठून मिळाला? पार्ले ते चर्चगेट अंतर विसेक किलोमीटरांचे. 1928 साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. दिवेलागणीला घरी येऊन हातपाय धुऊन पुन्हा बाहेर पडावे, इतकी संध्याकाळ माणसाच्या हाती राहत होती. वाचनालये, व्याख्यानमाला, गणपतीची नाटके ही सारी त्या उरलेल्या संध्याकाळची अपत्ये आहेत. रात्री पावणेदहाला दार उघडणाऱ्या माणसाकडून कोणती व्याख्यानमाला चालणार? तो शेजाऱ्याला ओळखतो तो लिफ्टच्या आरशात.

“परवडत नाही हो,” हे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ज्याचे खरोखरच हात बांधलेले आहेत त्याला मी एक अक्षर बोलणार नाही. माझे बोलणे आहे ते ज्याला मुलुंडला एक खोली कमी किंवा बदलापूरला एक खोली जास्त, एवढी निवड आहे त्याच्याशी. त्याने एक खोली कमी घ्यावी. पाहुणे वर्षातून चार दिवस येतात. ते दिवाणखान्यात गादी घालून झोपतील, तसे आपण सारे झोपतच वाढलो. माझ्या पुतण्याने हे ऐकले तेव्हा तो गप्प राहिला. सूनबाईच म्हणाल्या, “काका, नकाशा ठेवा बाजूला. आधी सोमवारी सकाळी सव्वाआठला तिथल्या फलाटावर मी उभी राहून येते.” त्या गेल्या, त्यातही पावसाळ्यात. फलाट पाहिला, शाळा पाहिली, शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता चालून पाहिला. घर मुलुंडला घेतले. ते लहान आहे, हे मी कशाला नाकारू?

आता राहिला शेजार. येथे मात्र आमचे लोक फार चोखंदळ होतात. “आपली माणसे आहेत ना?” हे हलक्या आवाजात विचारतात. आपल्या माणसांनी एकत्र घरे बांधावीत, यात नवे काही नाही. गावदेवीला 1915 साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था काढली ती अशाच आपलेपणातून, आणि भाड्याच्या खोल्यांत पिचणाऱ्या माणसांनी आपले छप्पर आपण उभारावे याचा तो धडा होता. पुढे 2005 साली अहमदाबादेतल्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्याची पोटनियमातली अट ग्राह्य धरली. कायद्याचे झाले ते झाले. पण शेजार म्हणजे आडनावांची यादी नव्हे. रात्री दोन वाजता बेल वाजवली तर जो दार उघडतो आणि चप्पल शोधत न बसता तसाच खाली येतो, तो शेजारी. तो काय जेवला होता, हे त्या वेळी कोणी विचारत नाही.

आमचे एक स्नेही आहेत. मासे खाता म्हणून त्यांना एका इमारतीत घर नाकारले. ते इतके संतापले की तीन वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली, आणि ती पत्रे चांगली होती. गेल्या वर्षी त्यांनी आपले परळचे घर भाड्याने द्यायला काढले, तेव्हा आलेल्या प्रत्येकाला त्यांनी आधी आडनाव विचारले आणि एका आडनावावर दार लावून घेतले. मी विचारले, “ती पत्रे कोणी लिहिली होती?” तर म्हणाले, “ते निराळे.” यंदा फराळाला बोलावले आहे त्यांनी नव्या घरी. स्टेशनपासून सात मिनिटांवर आहे म्हणतात.