ओसरीवरून : शिखरपट्टीची निवड

गेल्या ज्येष्ठांतली गोष्ट. सकाळचे सात वाजले होते, आम्ही ओसरीवर चहा घेत बसलों होतों, तोंच ऑकलंडहून आमच्या पुतण्याचा फोन आला. तिकडे तेव्हां दुपारचा दीड. क्षेमकुशल झाल्यावर तो आवाज जरा खालीं आणून म्हणाला, “काका, सील कुठलें घेऊं? बाबांना एवढ्यांत सांगूं नका.” सील म्हटल्यावर आम्हांस पार्सलावरची लाख आणि तिजवर उठविलेली मुद्रा आठवली. पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसाकडून याहून निराळी अपेक्षा करणें व्यर्थ होय. त्यानें एक जुनी माझ्दा मोटार पडत्या भावांत घेतली आहे, तिचें इंजिन मेलेलें आहे, आणि तें सुटें करून त्यानें गॅरेजांत मांडून ठेविलें आहे, एवढें समजून घेण्यास आम्हांस तीन फोन लागले. वाचकांस तितका वेळ लागूं नये म्हणून थोडक्यांत सांगतों.

नेहमींच्या इंजिनांत पिस्टन नळींत खालींवर होतो आणि त्याच्या अंगाभोंवतींच्या कड्या वायु निसटूं देत नाहींत. या इंजिनांत पिस्टन नाहींच. दोनदाणी भुईमुगाच्या शेंगेची कंबर थोडी भरून काढावी तशा आकाराचें एक घर असतें, आणि त्यांत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याचे तिन्ही कोपरे भिंतीस सतत लागून राहतात, त्यामुळें घराच्या तीन खोल्या होतात. त्रिकोण फिरतां फिरतां प्रत्येक खोली लहानमोठी होते, आणि पेट्रोल व हवा आंत घेणें, दाबणें, पेटविणें आणि धूर बाहेर टाकणें हीं चारही कामें तेवढ्यांत उरकतात. त्रिकोणाचा एक फेरा होतो तोंवर मधला दांडा तीन फेरे घेतो. रचना इतकी सुटसुटीत कीं भूमितीच्या शिक्षकास मोह पडावा.

सारी मेख कोपऱ्यांत आहे. प्रत्येक कोपऱ्यास खांच पाडून तींत स्प्रिंगवर एक पातळ पट्टी बसविलेली असते. तिची केवळ धार भिंतीस टेकते, आणि टेकण्याचा कोनही क्षणोक्षणीं बदलतो. हीच एपेक्स सील. आम्हीं तिचें ‘शिखरपट्टी’ असें नामकरण केलें, आणि आतां पुतण्याही तेंच म्हणतो. त्याच्या इंजिनांत असे दोन त्रिकोण. म्हणून शिखरपट्ट्या सहा, कोपऱ्यांतलीं बटणासारखीं गोल सीलें बारा, आणि दोन्ही अंगांच्या बारीक वांकड्या पट्ट्या बारा. त्या वांकड्या पट्टीचें टोक काणशीनें घासून बटणाशीं अशी फट ठेवावी लागते, कीं ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आगेमागेंच असावी. हें काम तो रात्रीं घरीं परतल्यावर, भिंग लावून करीत असे.

या पट्टीनें मोठमोठ्यांस रडविलें आहे. फेलिक्स वँकेल या जर्मन गृहस्थानें १९२९ सालीं या कल्पनेचें पहिलें पेटंट घेतलें. एनएसयू कंपनींत १९५७ सालीं तसें इंजिन प्रथम चाललें. १९६७ सालीं त्या कंपनीची आरओ ८० ही मोटार निघाली आणि पुढच्याच वर्षीं युरोपांतील उत्तम मोटारीचा मान तिला मिळाला. परंतु पट्ट्या लवकर झिजत, गिऱ्हाइकें परत येत, आणि कंपनी इंजिनें बदलून देतां देतां टेकीस आली. १९६९ सालीं ती दुसऱ्या कंपनींत विलीन झाली. हिरोशिमाच्या माझ्दानें हाच परवाना घेतला होता. तेथें केनिची यामामोतो यांच्या हाताखालीं १९६३ पासून सत्तेचाळीस जणांचें पथक खपत होतें. त्यांच्या इंजिनांत घराच्या भिंतीवर आडव्या लाटांप्रमाणें ओरखडे उमटत. ‘सैतानाचीं नखें’ असें त्यांनीं त्यांस नांव ठेविलें. पट्टी सरळ न घसरतां थरथरत पुढें जाई, हें त्याचें कारण. शेवटीं कार्बन आणि ॲल्युमिनियम यांची एकत्र पट्टी करून त्यांनीं तो प्रश्न सोडविला, आणि १९६७ च्या मे महिन्यांत कॉस्मो स्पोर्ट विक्रीस आली. पुढें १९९१ सालीं फ्रान्समधील ले मां येथील चोवीस तासांची शर्यत माझ्दाच्या चार त्रिकोणांच्या गाडीनें जिंकली. तींत शिखरपट्ट्या सिरॅमिकच्या होत्या.

आमचा पुतण्या भुलला तो येथेंच. त्याच्यापुढें तीन वाटा होत्या. एक, कंपनीच्या बिडाच्या पट्ट्या. दुसरी, खाजगी कारखानदार करतात त्या मऊ मिश्रधातूच्या. पेट्रोल अवेळीं पेटून ठोका बसला तर बिडाची पट्टी तुटते आणि तिचे तुकडे घर खराब करून जातात. मऊ पट्टी वांकून निभावते, पण एरवीं ती लवकर झिजण्याची भीति. तिसरी, सिरॅमिकची. ती हलकी, कठीण, झिजत फारशी नाहीं; मात्र जबर ठोका तिलाही सोसत नाहीं, आणि किंमत म्हणाल तर ऑकलंडहून मुंबईच्या येण्याजाण्याच्या तिकिटाएवढी.

हें तिकीट मध्यें उगीच आणलेलें नाहीं. तीन वर्षें मुलगा चतुर्थीस घरीं आलेला नव्हता, आणि यंदा येतों म्हणून त्यानें आईस कबूल केलें होतें. वहिनींच्या एका डोळ्यानें दिसेनासें झालें आहे, दुसराही अधू होत चालला आहे. त्या त्याविषयीं कोणापाशीं बोलत नाहींत. पट्ट्या आणि तिकीट दोन्ही होणें नव्हतें. एकत्र कुटुंबांत थोरल्या भावापासून गोष्ट लपवून ठेवणें आम्हांस पांच दिवसांहून अधिक साधलें नाहीं. दादा ऐकून घेऊन एवढेंच म्हणाले, “भंगारांत घाल म्हणावें, आणि घरीं ये.” दादांचें म्हणणें अगदींच वावगें होतें असें नाहीं. पण ज्या मुलानें लहानपणीं घड्याळ उघडून तें पुन्हा चालू केल्याखेरीज जेवावयाचें नाकारलें, त्याला असा निरोप पोंचविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

त्याच सुमारास आम्ही खाडीकडे फिरावयास गेलों असतां आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याची यांत्रिक होडी पावसाळ्यासाठीं वर ओढलेली होती. पंख्याचा दांडा होडीच्या तळांतून बाहेर जातो तेथें पाणी आंत येऊं नये म्हणून ग्रीस लावलेल्या सुती दोरीचे वेढे भरून वरून नट आवळतात. त्याच्या खलाशानें थेंब गळतो म्हणून नट इतका आवळला होता, कीं दोरी कोरडी जळून गेली आणि दांड्यावर चर पडले. दोरी चार पैशांची, दांडा हजारोंचा. “मास्तर, थेंबथेंब पाणी येवक व्हया,” तो म्हणाला. तो थेंबच दांड्यास थंड ठेवतो.

घरीं येऊन आम्हीं पुतण्यास विचारलें, “नवें काय घालावयाचें तें मागाहून; जुनें मेलें कशानें?” हें त्यानें पाहिलेंच नव्हतें. वैद्यानें नाडी न पाहतां मात्रा उगाळण्यासारखाच हा प्रकार. दोन दिवसांनीं उत्तर आलें. या इंजिनांत शिखरपट्ट्यांस वंगण मिळावें म्हणून एक लहानसा पंप थोडें थोडें तेल आंत सोडीत असतो. तेल पेट्रोलाबरोबर जळून जातें; तें जळावें अशीच योजना आहे. पूर्वींच्या मालकानें तो पंप काढून टाकला होता. कित्येक जण तसें करतात, पण मग पेट्रोलांतच तेल मिसळावयाचें असतें. तें त्यानें केलेलें दिसत नव्हतें. पट्ट्या कोरड्या घासून झिजल्या होत्या, आणि एका घराच्या भिंतीवरचा क्रोमचा लेप कडेनें सुटला होता.

आतां हिशेब निराळा झाला. लेप सुटलेल्या भिंतीवर कसलीही मौल्यवान पट्टी बसविली तरी ती तेथें टिकावयाची नाहीं. पैसे खर्चावयाचे तर भिंतीवर. शिवाय त्याच्या इंजिनास टर्बो नाहीं, शर्यतींत तो जात नाहीं. त्यास ठोक्याचें भय बेताचेंच. त्यानें सुस्थितींतलें एक जुनें घर मिळविलें, कंपनीच्याच दोन मिलिमीटर जाडीच्या बिडाच्या पट्ट्या घेतल्या, आणि तेलाचा पंप पुन्हा जागेवर बसविला. सिरॅमिकचें नांव त्यानें पुन्हा काढलें नाहीं. मात्र एकदां सुस्कारा ऐकूं आला. जातां जातां सांगावयाचें तें हें, कीं २०२३ सालीं माझ्दानें एका त्रिकोणाचें नवें इंजिन मोटारींत बसविलें. तें चाकें फिरवीत नाहीं, केवळ वीज तयार करतें. त्यांत पट्टीची जाडी दोनाची अडीच मिलिमीटर केली आहे. साठ वर्षें होऊन गेलीं, तरी पट्टीचा विचार चालूच आहे.

जोडणीच्या वेळीं बटणें आणि रबरी कडीं आपापल्या खांचेंत राहावींत म्हणून तो त्यांस व्हॅसलिन लावीत होता. हें फोनवर पाहून वहिनी इतक्या हंसल्या कीं दादांस आंतून बाहेर यावें लागलें. तेही पाहत उभे राहिले. आषाढाच्या अखेरीस इंजिन सुरू झालें. पहिला अर्धा तास नुसता पांढरा धूर. तिन्ही खोल्यांचा दाब मोजला तो दोन्ही त्रिकोणांत जवळजवळ सारखा भरला. नव्या पट्ट्या भिंतीशीं जुळेतों गाडी बेतानें चालवावयाची असते. तितकी ती चालवून होण्यापूर्वींच तो निघाला.

तृतीयेच्या दुपारीं तो दारांत आला तेव्हां वहिनींनीं त्यास आधीं आवाजावरून ओळखलें. डोळ्याचें ऑपरेशन कार्तिकांत करावयाचें ठरलें आहे, आणि तोंवर राहतां येईल का हें तो आपल्या कचेरीस विचारीत आहे. येतांना त्यानें एक जुनी शिखरपट्टी खिशांत घालून आणली. ती सध्यां आमच्या मेजावर आहे. एका टोकास बोट लावलें तर जाडी बरी लागते. दुसऱ्या टोकाकडे सरकत गेलें तर ती नखाएवढी पातळ होते. दादा रोज सकाळीं ती उचलून पाहतात आणि कांहीं न बोलतां परत ठेवतात.