पटावरचा रोजचा रियाज

दिवाळी आली की आमच्या घरी फराळाच्या डब्यांबरोबर बुद्धिबळाचा पटही माळ्यावरून खाली येतो. आमच्या पुतण्याला हा खेळ शिकवला आम्हीच आणि त्याच्या मनातून तो जवळजवळ उतरवलाही आम्हीच! रोज संध्याकाळी त्याला समोर बसवायचे, पंधरावीस चालींत मात द्यायची आणि वर "अजून कच्चा आहेस, गड्या!" म्हणून हसायचे, ही आमची शिकवणी. हरता हरता शिकेल, अशी समजूत. गेल्या वर्षी शाळेच्या सामन्यांत तो पहिल्याच फेरीत हरला. घरी आला, सगळे मोहरे मोजून पेटीत भरले आणि म्हणाला, "काका, माझं डोकंच नाही यासाठी."

दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी ते वाक्य ऐकले आणि आमच्या हातातला चहा तसाच निवला. पट मिटला तर मिटू दे. पण 'माझे डोके नाही' हे एकदा मनात घर करून बसले की ते गणिताच्या वहीत येते, परीक्षेत येते, पुढे नोकरीतही पाठ सोडत नाही.

मार्ग काढला तो वहिनींनी. त्यांना घोडा अडीच घरे चालतो यापलीकडे फारसे ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, महिनाभर त्याच्याशी खेळूच नका. रोज एक सोपं कोडं मांडून ठेवा. दहा मिनिटांत सुटलं तर सुटलं, नाहीतर जेवायला चला."

वहिनींना कल्पना नसेल, पण असेच एका घरी पूर्वी घडले आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस विश्वनाथन आनंद वडिलांच्या नोकरीमुळे मनिलात राहत होता. तेथे दुपारी दूरचित्रवाणीवर बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे, आणि शेवटी एक कोडे घातले जाई. मुलगा त्या वेळी शाळेत. म्हणून आई ते उतरवून ठेवी. संध्याकाळी मायलेक ते सोडवीत आणि उत्तर टपालाने धाडीत. बक्षीस म्हणून पुस्तक मिळे. त्याने इतकी बक्षिसे पटकावली की अखेर, 'हवी तेवढी पुस्तके घेऊन जा, पण आता उत्तरे पाठवू नकोस,' असे त्याला सांगण्यात आले! हाच मुलगा 1988 मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला आणि पुढे पाच वेळा जगज्जेता.

अर्थात, प्रत्येक घरात आनंद निपजत नाही. पण कोड्यांचा उपयोग का होतो, ते समजण्याजोगे आहे. 1973 साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी क्षणभर दाखवली की कसलेला खेळाडू ती बरीचशी बिनचूक मांडून दाखवी. तेच मोहरे कसेही विखरून ठेवले की त्याची ही आघाडी जवळजवळ संपे. म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही अचाट नव्हती. ओळखीचे चेहरे तेवढे त्याला गर्दीतही दिसत. कोडी सोडवणे म्हणजे अशा ओळखी वाढवणे.

आमचे नियम चारच. वेळ ठरलेली. मोहऱ्यांना हात लावायचा नाही, चाल मनात करायची. आपली खेळी ठरवताना समोरच्याचे उत्तरही शोधायचे. आणि चुकलेले कोडे वहीत उतरवून आठवड्याने पुन्हा मांडायचे. कोडी अशी निवडावीत की दहांपैकी सातआठ सुटतील. हल्ली मोबाइलवर ती ढिगाने मिळतात; पण एका दमात पन्नास उरकण्यापेक्षा एकच नीट पाहिलेले बरे.

आता हे घ्या आजचे कोडे. तुमचे मोहरे पांढरे. समोरच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात काळा राजा. त्याच्या शेजारचे घर रिकामे, त्यापलीकडे काळा हत्ती. राजापुढे एक प्यादे, त्याला लागून आतल्या बाजूस दुसरे. राजापुढच्या प्याद्याच्या नाकासमोर तुमचा घोडा. तुमचा वजीर लांबून, मोकळ्या तिरप्या रेषेत, त्या रिकाम्या घरावर नजर रोखून आहे. तुमचा राजा आपल्या उजव्या कोपऱ्यात निर्धास्त. खेळी तुमची, दोन चालींत मात करा.

यंदा पुतण्या पुन्हा सामन्यांना गेला. तिसऱ्या फेरीत हरला. घरी आला, हातपाय धुतले, आणि आम्ही काही विचारण्याआधीच पट उघडून हरलेल्या डावाची मांडणी लावू लागला. "काका, इथं चुकलं. उद्याचं कोडं हेच." वहिनी आतून चकल्यांची ताटली घेऊन आल्या. आम्ही मात्र या वेळी हसलो नाही. जवळ सरकून पाहू लागलो.

उत्तर : वजीर रिकाम्या घरात घालून शह द्या. घोड्याचा जोर असल्याने राजाला तो मारता येत नाही. हत्तीलाच मारावा लागतो. मग घोडा हत्तीने सोडलेल्या घरापुढच्या घरात जातो आणि शह देतो. आपल्याच माणसांनी कोंडलेल्या राजाला हलायला जागा नाही. मात!