नगरसेवक वस्तीचा की पक्षाचा?

कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी! मधली पाच वर्षे प्रशासकाने कारभार हाकला. पालिकेची मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे भारतीय संविधानाचे कलम २४३-यू स्पष्ट सांगते. परंतु प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात हे कलम गुंडाळून ठेवले गेले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतरच चक्रे फिरली. एका दिवसाने मुदत चुकली म्हणून गोरगरिबांचे अर्ज परत पाठविणारे शासन संविधानाची मुदत पाच वर्षे चुकविते, याला काय म्हणावे?

यात नुकसान कोणाचे झाले? ज्यांची अधिकाऱ्यांच्या दालनात ऊठबस आहे त्यांचे काहीही अडले नाही. अडले ते वस्तीचे. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचा महापूर आला तेव्हा सभागृहात एकही लोकप्रतिनिधी नव्हता. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी ओलांडली की सुतारवाड्यासारख्या वस्तीतील माणसे दरवर्षी संसार डोक्यावर घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या पंचनाम्याचा, पुनर्वसनाचा जाब भर सभेत विचारणार कोण?

आता ८१ नगरसेवक निवडून आले आहेत. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक होता. आता २० प्रभाग, आणि एकेका प्रभागात चार, एका ठिकाणी पाच नगरसेवक! त्यामुळे गटार तुंबले की एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे, अशी सोयच झाली आहे. काम झालेच तर गल्लीच्या तोंडाला फलक लागतो, जणू काँक्रीट साहेबांच्या खिशातून ओतले! बांधवांनो, तो पैसा तुमच्या पाणीपट्टीचा, घरफाळ्याचा आणि शासनाच्या निधीचा आहे. त्याबद्दल उपकार मानण्याचे कारण नाही, हिशेब मात्र मागितलाच पाहिजे.

राखीव जागेचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. कलम २४३-टी ने अनुसूचित जातींना पालिकेत जागा दिल्या. पण तिकीट पक्षाचे, प्रचाराचा खर्च पक्षाचा आणि सभागृहातील व्हीपही पक्षाचाच. १९३२ च्या पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघातून कसा प्रतिनिधी येईल, ही बाबासाहेबांची चिंता होती. ती आज प्रभागाप्रभागांत खरी ठरताना दिसते. गटारात, मैलाटाकीत उतरून मरणारा सफाई कामगार बहुतेक वेळा आपल्याच समाजाचा असतो. हाताने मैला साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरविली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. ठेकेदाराकडील कामगारांना हातमोजे, बूट, भविष्य निर्वाह निधी मिळतो का, हा प्रश्न राखीव जागेवरील नगरसेवकाने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? तो गप्प बसत असेल, तर जागा आपली असूनही आवाज दुसऱ्याचाच आहे असे आम्ही म्हणू.

मात्र सगळा दोष नगरसेवकाच्या माथी मारूनही भागणार नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह हजारो माणसे तळ्यावर गेली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये ठराव फिरविला आणि न्यायालयातील लढाई १९३७ पर्यंत चालली. ठराव सभागृहात होतो, पण तो टिकवायला जागी वस्ती लागते, हा धडा महाडने दिला आहे.

तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरात कलम २४३-एस प्रमाणे प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत. कोल्हापूरची लोकसंख्या २०११ सालीच साडेपाच लाखांच्या घरात होती. या समित्यांच्या बैठका कधी होतात, त्यात काय ठरते, हे वस्तीला कळले पाहिजे. दर तीन महिन्यांनी बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात प्रभागातील सर्व नगरसेवकांना एकत्र बोलवा. दलित वस्ती सुधारणेचा निधी किती आला, कोणत्या गल्लीत खर्च झाला, किती परत गेला, एवढे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अर्ज लिहिता येणारी शिकलेली पोरे आज प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांना कामाला लावा.

बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीतच, १९५० साली उभा राहिला. १४ एप्रिलला तेथे सर्व पक्षांचे नगरसेवक हार घेऊन येतात. त्यांना जयभीम जरूर घाला, पण वस्तीच्या हिशेबाचा कागद मागितल्याशिवाय त्यांना सोडू नका!